बोटांना कळेल अशी किनार

६ एप्रिल

ताई,

नमस्कार. माझ्या हातचं पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. आजवर तुम्हाला पत्रं लिहायचं काम तुमच्या धाकट्या बहिणीचं. मी आपला शेवटच्या ओळीत, 'मिस्त्रींचाही नमस्कार' एवढ्यापुरता. पण फोनवर तुम्हाला आता काहीच ऐकू येत नाही असं तुमच्या मुलानं सांगितलं, आणि माझं काम तर तुमच्याशीच आहे.

मला क्रोशाची लेस विणायला शिकवाल का?

हसून घ्या. मग पुढे वाचा.

सायकलचं दुकान मी पुतण्याकडे सोपवलं. दिवसभर घरीच असतो. हाताला काम नसलं की मला माझेच हात परके वाटतात. हिची सुई आणि दोऱ्याचे गुंडे कपाटात आहेत. कापडाच्या कडेला साधी किनार करता आली तरी पुष्कळ. जाळीदार मेजपोस वगैरे माझ्या बापजन्मी जमणार नाही, हे मला ठाऊक आहे.

हिलाच का विचारत नाही म्हणाल, तर हिच्यासाठीच करायची आहे. हिला कळता कामा नये. म्हणून पत्र माझ्या नावानं घाला आणि आपलं हे बोलणं आपल्यातच ठेवा.

ही बरी आहे. नमस्कार सांगते.

मिस्त्री

१५ एप्रिल

मिस्त्री,

हसून घेतलं. इतकी हसले की सूनबाई पोळपाट टाकून धावत आली, तिला वाटलं माझे छातीवरचे टाके उसवले. आता तिला काय सांगू, की लग्नात हार घालतानासुद्धा ज्यांच्या नखात ग्रीस होतं ते आमचे मेहुणे लेस विणणार आहेत!

शिकवते. शिकवणी म्हणून एकच गोष्ट मागते. हात साबणानं धुवायचे. दोनदा.

दोरा सुती घ्या, जरा जाड. बारीक दोरा नवशिक्याला रडवतो. धाकटीकडे माझीच जुनी पितळी मुठीची सुई असेल, ती घ्या. टोकाला गाठ मारून फास करा, फासात सुई घाला, सुईवर दोरा घ्या आणि फासातून ओढून काढा. झाली एक साखळी. पुन्हा दोरा, पुन्हा ओढा. पहिला आठवडा नुसत्या साखळ्या. कंटाळा आला तरी साखळ्याच.

मग मुका खांब. सुई भोकात घाला, दोरा ओढून घ्या, सुईवर दोन फास होतील. पुन्हा दोरा घ्या आणि दोन्हीतून एकदम काढा. बुटका असतो, दिसण्यात येत नाही, पण सगळी किनार त्याच्याच जिवावर उभी असते.

कापडाला भोकं नसतात, म्हणून आधी साध्या सुईनं कडेला काजटाका घालून घ्यायचा. एखाद्या जुन्या रुमालावर करून बघा आणि पाकिटात घालून पाठवा. लाजू नका. धाकटीनं पहिल्यांदा केलेली पट्टी मी मांजराच्या गळ्यात बांधली होती.

ती मला पत्र का लिहीत नाही? माझ्या ऑपरेशनला येऊ नकोस म्हटलं, त्याचाच राग दिसतो. तिला म्हणावं, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुझा.

ताई

२ मे

ताई,

हात तीनदा धुतले. रुमाल सोबत आहे. हा रुमालच आहे, गोगलगाय नाही. मी सरळच विणत होतो, तो आपोआप गुंडाळत गेला. चाकाचा आऊट काढताना एक तार जास्त ताणली की चाक जसं एका अंगाला मान टाकतं, तसं काहीतरी झालंय. नेमकी कोणती तार ते कळेना.

साखळी मात्र जमते आता. सायकलची चेन आयुष्यभर हाताळली. पण ही दर खेपेला स्वतःच्याच पोटातून बाहेर येते. पहिल्या दिवशी मी तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघत बसलो होतो.

ही रुसलेली नाही. डोळ्यांना पाणी येतं म्हणून डॉक्टरांनी लिहिणं-वाचणं बंद केलंय. तुमच्या पत्रातला सुंभाचा भाग वाचून दाखवला. हसली.

नाही, नाही दाखवला. लेसचं गुपित फुटलं असतं. मीच हसलो, असं म्हणायचं होतं.

मिस्त्री

११ मे

मिस्त्री,

गोगलगाय मिळाली. सूनबाईनं तिला फ्रेम करायची म्हटलंय.

दोष दोन. एक, तुम्ही फार आवळता. नट नाही तो, दोरा आहे. फास सुईवर सहज सरकला पाहिजे. दोन, कोपरा. कोपऱ्यावर तुम्ही इतरांसारखाच एक टाका घालून वळलात, म्हणून कापड आत ओढलं गेलं. कोपऱ्यात एकाच भोकात तीन मुके खांब घालायचे. सरळ वाटेवर एकात भागतं, वळणावर जास्त द्यावं लागतं. बस, याच्यापलीकडे किनारीत काही शास्त्र नाही.

डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. तिला म्हणावं, उगाच चोळू नकोस.

आज तिची आठवण फार आली. आई गेली तेव्हा ती एवढीशी होती. रात्र झाली की माझ्या पांघरुणाची कड बोटात धरायची आणि चाचपत चाचपत झोपायची. कड विरून गेली. मग मी तिथे लेस लावली, शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडून शिकून. माझं सगळं क्रोशे तिथून सुरू झालं, हौस म्हणून नव्हे. बाईंनी शिकवताना विचारलं होतं, "कोणासाठी गं?" मी म्हटलं, "आमच्या पोरीसाठी." बहीण म्हणायचं सुचलंच नाही.

तुम्ही कशाला किनार लावणार ते सांगितलं नाहीत. अभ्रा का?

ताई

३० मे

ताई,

अभ्रा नाही. पांघरूण आहे. निळं, हलकं, नेहमीच्या वापरातलं. काजटाका चारी बाजूंनी घातला, त्यावर मुक्या खांबांची ओळ फिरवली. कोपऱ्यात तीन. यावेळी कापड पाटासारखं सपाट बसलं. मी त्याला उजेडात धरून सगळीकडून बघितलं. पुतण्या आला होता, म्हणाला, "काका, हे काय?" मी म्हटलं, "रिम."

आता पुढचं सांगा. मला दिसायला सुंदर नको आहे. डोळे मिटून नुसत्या डाव्या हाताच्या बोटांना कळेल असं काही असतं का? प्रत्येक बाजू वेगळी लागली पाहिजे. बोट फिरवलं की ही पायाकडची बाजू, ही तोंडाकडची, असं समजावं. आणि टोचता कामा नये. नखात अडकतासुद्धा कामा नये.

जरा लवकर लिहा.

मिस्त्री

६ जून

मिस्त्री,

तुम्ही म्हणाल, म्हातारी सुतावरून स्वर्ग गाठते. गाठू दे.

डोळे मिटून कोणी चाचपायचं आहे? आणि डाव्या हातानं का? धाकटी उजव्या हाताची आहे. पांघरुणाला तोंडाकडची आणि पायाकडची बाजू कोणाला लागते? जो उठून बसू शकत नाही त्याला.

दोन पत्रांमागे तुम्ही तिला हसवलंत आणि पुढच्याच ओळीत ते हसू परत घेतलंत. तेव्हाच मला ते खटकलं होतं. मी विचारलं नाही. वाटलं, मिस्त्री आपण होऊन सांगतील.

मी बहिरी झालेय, आंधळी नाही. काय झालंय माझ्या बहिणीला?

वेगळ्या कागदावर शिंपला आणि दाणा कसा घालायचा ते लिहिलंय, नमुने टाचले आहेत. शिंपल्यात एकाच भोकात पाच उंच खांब घालायचे, मग तो फुलतो. दाण्याला तीन साखळ्या करून पहिल्या साखळीत परत जायचं. दोन्ही मऊ लागतात. मी डोळे मिटून बघितलं.

ताई

१४ जून

ताई,

तुमचं पत्र मिळालं. सांगतो.

जानेवारीत हिला झटका आला. अंघोळीहून आली आणि हातातली फणी पडली. वाकून उचलायला गेली तर उजवा हात ऐकेना. तेव्हा बोलता येत होतं. दवाखान्यातून आल्यावर पहिलं हेच म्हणाली, "ताईला कळवू नका. तिची छाती आत्ताच उघडून शिवली आहे. कळलं तर ती धावत येईल आणि वाटेत काहीतरी होईल. मी बरी झाले की मीच लिहीन." माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून घेतला. मी कबूल झालो. मलाही वाटलं होतं की बरी होईल.

मार्चमध्ये दुसरा झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली, नजर अंधुक झाली आणि बोलणं गेलं.

गेलं म्हणजे, एक शब्द राहिला. तो तुम्हाला कसा लिहू ते कळत नव्हतं, म्हणूनही लिहीत नव्हतो. ताई. एवढंच म्हणते. पाणी हवं असलं तरी ताई, कूस बदलायची असली तरी ताई, दुखलं तरी ताई. मला हाक मारते तीही ताईच. मुलगी येऊन राहिली तेव्हा तिलाही ताई. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, डोक्यात एखादाच शब्द शाबूत राहतो, त्याला अर्थ नसतो. डॉक्टर हुशार आहेत. पण जिला सांगू नका म्हणाली तिचंच नाव दिवसभर ऐकायचं आणि शब्द पाळून गप्प बसायचं, हे मला फार जड गेलं.

दिवसभर डाव्या हाताची बोटं पांघरुणाच्या कडेवर चालू असतात. काहीतरी शोधते. मिळालं नाही की कासावीस होते, कड ओढते, सुतं काढते. मला वाटलं, तिथे लेस असती तर बोटांना काम मिळालं असतं. म्हणून पहिलं पत्र लिहिलं. तुम्ही पांघरुणाच्या कडेची आठवण लिहिलीत तेव्हा ती काय शोधते ते मला कळलं.

तोंडाकडच्या बाजूला दाणे घातले. एकेक दाणा चिमटीत धरते आणि पुढे जाते. सुतं काढणं थांबलंय.

मी तिचा शब्द मोडला. पण आता तुमच्याशी खोटं लिहवेना.

मिस्त्री

१९ जून

मिस्त्री,

शनिवारच्या गाडीनं येते. मुलगा नको म्हणत होता. त्याला म्हटलं, "माझं हृदय दुरुस्त करून आणलंस ते काय कपाटात ठेवायला?" आता तोच सोडायला येतोय.

तुमच्यावर रागावायला मला सवड नाही. तिथे आल्यावर रागावेन.

तिला सांगा मी येते. समजत नसलं तरी सांगा.

ताई

२२ जुलै

मिस्त्री,

पोचले. धाप लागायला लागली म्हणून मुलगा घेऊन आला, नाहीतर हलले नसते. पण खरं सांगते, तुमच्या त्या लहान खोलीत दोन आजारी माणसं झाली होती आणि करणारे तुम्ही एकटे. माझी औषधं, तिची औषधं. एकदा तुम्ही तिची गोळी मला दिलीत आणि मी मुकाट्यानं जिभेखाली ठेवली. थुंकली नंतर. काळजी नको.

एक गोष्ट तिथे सांगायची राहिली.

मी आले त्या दिवशी तिनं माझ्याकडे बघितलं, तिचे ओठ हलले. तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत, म्हणजे म्हणाली ती, ताई म्हणाली. पण मला ऐकू आलं नाही. मी हसून दाखवलं. मिस्त्री, तो सगळा दिवस मी तिच्या ओठांकडे बघत बसले होते. दुकानाच्या काचेतून खाऊ बघणाऱ्या पोरासारखी. तिच्याकडे एकच शब्द उरलेला, तोही माझा, आणि तो घ्यायला माझ्याकडे कान नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही औषधं आणायला बाहेर गेला होतात. मी तिचे केस विंचरत होते. तिचे ओठ पुन्हा हलले. काय सुचलं कोण जाणे, मी फणी ठेवली आणि तिच्या गळ्यावर हात ठेवला. तर हाताला लागलं. आधी तुटक ठोका, मग लांब थरथर. शेवटचं अक्षर ताणते, लहानपणी ताणायची तसंच. कमी-जास्त काही नाही. मी म्हटलं, "ओ." तिनं पुन्हा हाक मारली. मी पुन्हा म्हटलं, "ओ." तुम्ही परत येईपर्यंत आमचं हेच चाललं होतं. तुम्ही पाटीवर लिहून विचारलंत, डोळे का लाल, तर मी म्हटलं, केसांचं तेल गेलं.

डॉक्टरांना सांगा, अर्थ असतो.

शिंपल्यांच्या बाजूला तुम्ही अजून आवळता आहात. सैल सोडा.

ताई

३० ऑगस्ट

ताई,

तुमच्या मुलाला फोन केला तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं की ही गेली. तुम्हाला त्यानं पाटीवर लिहून दाखवलं असेल. पण कसं झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं.

सकाळची वेळ होती. तिला दूध पाजलं होतं, अर्धी वाटी घेतली. तोंड पुसलं. खिडकी उघडी होती, खाली कोणीतरी गाडीला हवा भरत होतं, पंपाचा आवाज येत होता. मी पायाकडे स्टुलावर बसून तिसरी बाजू विणत होतो. पांघरूण तिच्या अंगावरच असायचं, मी नुसती कड मांडीवर घ्यायचो. ती वर दाणे मोजायची, मी खाली टाके घालायचो. तिची बोटं चालली की कापड माझ्या हातात किंचित ओढलं जायचं. त्याची मला सवय झाली होती.

ते ओढलं जाणं थांबलं. मला वाटलं, झोप लागली. हाताशी असलेला शिंपला मी पुरा केला. मग वर बघितलं.

मला सारखं वाटतं, तो शिंपला विणत बसलो नसतो तर. मुलगी म्हणते, बाबा, त्यानं काही फरक पडला नसता. पडला नसता, ते मलाही माहीत आहे.

आदल्या दिवशी पुष्कळ हाका मारल्या. मीच ओ देत होतो.

मुलीनं पांघरूण नेलं. चौथी बाजू राहिली आहे म्हटलं, पुरी करून देतो. म्हणाली, नको, असंच द्या. दिलं. आता घरात सुई आहे, दोरा आहे, कापड नाही.

मिस्त्री

९ ऑक्टोबर

मिस्त्री,

इतके दिवस लिहिलं नाही. लेखणी हातात धरायची आणि ठेवून द्यायची. मुलानं पाटीवर लिहिलं होतं, 'धाकटी मावशी गेली.' मी ते पुसूच देईना. शेवटी सूनबाईनं विचारून पुसलं.

शिंपल्याचं मनाला लावून घेऊ नका. तुम्ही खोलीत होतात. तिच्या पायाशी होतात, तिचंच पांघरूण हातात होतं. आई गेली तेव्हा मी विहिरीवर होते आणि धाकटी शेजारी खेळत होती. जवळ कोणीच नव्हतं. असं मरण मी बघितलंय, म्हणून सांगते.

तुमच्यावर रागवायचं ठरवलं होतं, ते तिथे आल्यावर राहून गेलं. आता राग शोधते तर सापडत नाही. जानेवारीपासून जूनपर्यंतचे दिवस मात्र मला कोणी परत देणार नाही. ते मला हवे होते. हे तुम्हाला दुखावण्यासाठी लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

इथे मला मुलगा आई म्हणतो, सूनबाई आई म्हणते, नातवंडं आजी म्हणतात. गल्लीतले काकू म्हणतात. सगळे प्रेमाचे आहेत. पण माझ्या आयुष्यात मी सगळ्यात आधी कोणी झाले असेन तर ताई झाले, आई व्हायच्या कितीतरी आधी. आता तसं म्हणणारे तुम्ही एकटे उरलात, तेही बहिणीच्या नात्यानं.

मुलगी म्हणते तुम्ही नीट जेवत नाही, दिवसभर स्टुलावर बसून असता, पलंग काढू देत नाही. तिनं माझ्या मुलाला कळवलंय. इथे या. बोलावणं म्हणून नाही, सांगते आहे म्हणून या. मागची खोली रिकामी आहे. वाटेल तेवढे दिवस राहा, वाटेल तेव्हा परत जा. मुलगा न्यायला येईल म्हणतो, पण तुम्ही एकटे आलात तर मला बरं वाटेल. म्हणजे अजून पाय चालतात असं कळेल.

ताई

१७ ऑक्टोबर

ताई,

काल पलंग दिला. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला पाठीसाठी उंच पलंग हवा होता. तो नेताना मी जिन्यात दाराशी उभा राहून, डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, एवढंच बोललो. महिन्याभरात तेवढंच बोलणं झालं असेल. लोक भेटायला येतात, चांगले असतात, विचारतात. मला उत्तर द्यावंसं वाटतं, पण घशातून काही येत नाही. मग त्यांनाच अवघडल्यासारखं होतं आणि ते उठून जातात. मुलीकडे गेलो तर तिलाही तसंच होईल. तिचं वय आहे अजून बोलण्याचं.

ते जानेवारी ते जूनचे दिवस माझ्याकडे आहेत. दिवसभर जवळ होतो, सगळे जसेच्या तसे आठवतात. बोलून सांगता येणार नाहीत. एकेक करून लिहून देईन, तुम्ही वाचा. वाईटही आहेत, चांगलेही आहेत. फेब्रुवारीत एकदा तिनं मला डाव्या हातानं टपली मारली होती, तेही आहे.

बुधवारच्या गाडीनं निघतो. स्टेशनवर कोणी नको, घर मला सापडेल. तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलवत नाही. आपलं दोघांचं जमेल.

मिस्त्री